तलवारीच्या पात्यापासून जीपच्या आसापर्यंत

धातूचे शस्त्र किंवा यंत्र ज्याने घडवले त्याचे नाव इतिहासात क्वचित का होईना नोंदले जाते. परंतु ते घडल्यानंतर वर्षानुवर्षे घासून, पुसून, तेल लावून ज्याने ते गंजापासून राखले, त्याच्या वाट्याला सहसा विस्मृतीच आलेली आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचवणारी जीप आपल्या मुलखात येऊन आता पाऊणशे वर्षे उलटली. तिच्या इंजिनाविषयी, तिच्या लष्करी कामगिरीविषयी आणि डोंगरकपारींतील तिच्या संचाराविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण तिच्या अंगावरचे आणि पोटातले निरनिराळे धातू स्वच्छ व उजळ ठेवण्याच्या ज्या उद्योगामुळे ती इतकी वर्षे चालती राहिली, त्या उद्योगाचा पूर्ववृत्तांत सांगावयाचा झाल्यास जीपच्या बराच मागे जावे लागते. तो मराठेशाहीतील सिलेखान्यात सुरू होतो, तेथून स्वयंपाकघरातील पितळी भांड्यांपाशी आणि छावणीतील घोड्यांच्या सरंजामापाशी येतो, पाश्चात्त्य रसायनशाळांतून एक मोठे वळण घेतो, आणि मग गॅरेजाच्या तेलकट फरशीवर येऊन पोचतो. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र कोठेही बदललेली नाही: धातू जितक्या वेळा घासावा तितक्या वेळा त्याचा काही अंश कायमचा निघून जातो. चकाकीची किंमत धातूनेच चुकवावी लागते, आणि ती कमीत कमी कशी चुकवावी हे शिकत जाणे, हाच या कसबाचा खरा इतिहास होय.

शस्त्रांना उजाळा देणारा शिकलगार हा गावगाड्याच्या बारा बलुतेदारांपैकी नव्हता. त्याचे जीवित फौजेशी, किल्ल्यांशी आणि दरबाराशी बांधलेले असे. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत शिकलगार हे आडनाव आजही सर्रास आढळते, आणि ज्या मुलखातून फौजा उभ्या राहिल्या त्याच मुलखात ते आढळावे हे स्वाभाविकच आहे. लोहाराने पाते घडवले व त्याला पाणी दिले की त्याचे काम संपे; त्यानंतर पात्याचा पृष्ठभाग समतल करणे, धार काढणे, गंज उतरवणे आणि उजाळा देणे हे सर्व शिकलगाराच्या हाती येई. त्याचे मुख्य साधन म्हणजे कुरुंदाच्या पुडीत लाख मिसळून तयार केलेले चाक. कुरुंद हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे खनिज असून दक्षिण हिंदुस्थानात ते पूर्वापार सापडत आले आहे. लाखेच्या बंधात बसवलेले त्याचे कण झिजत जातात तसतसे नवे कण वर येतात, आणि चाक आपली धार आपोआप राखते. चाकाच्या कण्याभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळून एक माणूस तो आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढी, आणि दुसरा पाते चाकाला लावून धरी. या दुसऱ्या माणसाच्या मनगटातच सारे कसब साठवलेले असे. कारण दाब किंचित अधिक पडला तर पाते तापून त्याचे पाणी उतरे, आणि एकदा पाणी उतरलेले पाते कितीही चकाकले तरी रणांगणात निरुपयोगी ठरे.

याहूनही नाजूक काम असे ते जौहरदार पोलादाचे. हिंदुस्थानच्या दक्षिण भागात मुशीत वितळवून तयार होणाऱ्या ज्या पोलादाची कीर्ती इराण-अरबस्तानापर्यंत गेली होती, त्याच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींप्रमाणे एक अंगभूत नक्षी असते, आणि तीच त्या पोलादाच्या अस्सलपणाची निशाणी मानली जाई. पाते नुसते आरशासारखे घासले तर ही नक्षी लोपते. म्हणून शिकलगार पाते घोटून झाल्यावर त्यावर हिराकसाचे पाणी फिरवी. त्या सौम्य आम्लधर्मी द्रावाने पोलादाचे कमीअधिक कठीण थर निरनिराळ्या प्रमाणात काळवंडत आणि नक्षी पुन्हा उमटे. मग पाते स्वच्छ धुऊन, कोरडे करून, त्यावर तेलाचा हात फिरवून म्यानात जाई. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्याचा धंदाच चकाकी आणण्याचा, त्यालाही चकाकीची मर्यादा पक्की ठाऊक होती. पावसाळ्यात किल्ल्यावरच्या दमट हवेत शस्त्र राखावयाचे ते तेलाने. चाकाला ते लावावयाचे केवळ निरुपाय झाला म्हणजे.

1818 साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि पुढे 1857 च्या उठावानंतर नि:शस्त्रीकरणाचे धोरण अधिकाधिक कडक होत जाऊन 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची सोयच सामान्य रयतेला उरली नाही. सिलेखाने ओस पडले. ज्या हातांनी धोपा आणि पट्टे उजळले ते हात विळ्या, अडकित्ते, कात्र्या आणि वस्तरे यांना धार लावू लागले. कोणी कुलुपे दुरुस्त करू लागले, कोणी चाक खांद्यावर घेऊन गावोगाव फिरू लागले. एका राजवटीच्या अस्ताबरोबर एक संपूर्ण कसब दारोदार हिंडावयास लागावे, याहून त्या स्थित्यंतराची बोलकी साक्ष दुसरी कोणती असणार! तथापि कसब मेले नाही. कुरुंदाचे चाक तेच राहिले, मनगटही तेच राहिले. बदलले ते फक्त त्यापुढे येणारे पोलाद.

त्याच काळी घराघरांतून धातुसंगोपनाची एक दुसरी विद्या नांदत होती, आणि ती सर्वस्वी स्त्रियांच्या हाती होती. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने, राखेने आणि काथ्याने लखलखीत करणाऱ्या गृहिणीला रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल. पण चिंचेतील आम्लाने भांड्यावरचा काळा थर विरघळतो, मागाहून ते आम्ल राखेने मारावे लागते, आणि भांडे लगोलग धुऊन कोरडे केले नाही तर ते पुन्हा डागळते, हा क्रम तिच्या हाताला पक्का अवगत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिला कल्हईने शिकवली होती. भांडे तापवून, आत नवसागर टाकून, त्यावर कथलाचा कण फिरवला की 232 अंशांना वितळणारे ते कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरते आणि पितळेला रुपेरी अंतर्त्वचा लाभते. या त्वचेमुळेच आंबट पदार्थ कळकत नाहीत. बाहेरून भांडे हवे तितके घासावे, आतून मात्र जपून हात फिरवावा, कारण आतली चकाकी ही धातूच्या अंगची नव्हे, ती वरून दिलेली आहे, आणि घासून ती वाढण्याऐवजी संपते, हा भेद प्रत्येक घर जाणून होते. अंगची चकाकी आणि दिलेली चकाकी यांतील हा भेदच पुढे मोटारींच्या युगात कळीचा ठरावयाचा होता, आणि दुर्दैवाने तेथेच तो पुष्कळांच्या विस्मरणात गेला.

पुणे, खडकी, अहमदनगर येथील इंग्रजी छावण्यांनी उजाळ्याच्या या व्यवहाराला शिस्तीचे आणि तपासणीचे रूप दिले. गणवेशावरील पितळी गुंड्या, पट्ट्यांचे बिल्ले, घोड्याच्या लगामाच्या पोलादी कड्या व साखळ्या, या सर्वांचा दररोज उजाळा व्हावयाचा आणि त्यात कसूर आढळल्यास शिक्षा व्हावयाची, असा दंडक होता. याला कोणी निव्वळ कवायती हट्ट म्हणेल. पण लगामाची कडी रोज हातात घेऊन घासणाऱ्या मोतद्दाराला तिच्यातील बारीकशी चीरही आधी कळत असे, आणि ऐन दौडीत तुटणारी कडी पागेतच बाजूला काढली जात असे, हे विसरून चालणार नाही. उजाळा हे तपासणीचे निमित्त होते. 1905 साली इंग्लंडातील हल येथील रेकिट कंपनीने ब्रासो नावाचा द्रव बाजारात आणला, आणि लवकरच तो छावण्यांतून, रेल्वेच्या डब्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून हिंदुस्थानभर पसरला. त्यात बारीक खरखरीत पूड आणि मळ सोडवणारे द्रव एकत्र केलेले असत. म्हणजे चिंच, राख आणि काथ्या यांचे कार्य एका डबीत सामावले होते.

मोटारगाडी आली ती या पितळी वातावरणातच. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या मोटारींचे दिवे, भोंगे, पाण्याची टाकी हे सारे उघड्या पितळेचे असे, आणि ते उजळत ठेवणे हा चालकाच्या नोकरीचा अविभाज्य भाग होता. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी मॉडेलची पितळी टाकी 1916 पर्यंत चालू राहिली आणि पुढे तिच्या जागी काळ्या रंगाची आली. पितळेमागून निकलचा मुलामा आला. विजेच्या प्रवाहाने एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी 1840 पासून व्यापारी पायावर आणली होती, आणि 1869 साली अमेरिकेत आयझॅक ॲडम्स याने निकलच्या मुलाम्याचे पेटंट मिळवले. निकल पितळेपेक्षा टिकाऊ खरे, परंतु हवेत तेही पिवळट मंद पडते आणि पुन:पुन्हा घासावे लागते. ही कटकट मिटली ती क्रोमियमने. व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सायबेरियातील लाल शिसखनिजात हा धातू 1797 साली शोधून काढला होता. पण त्याचा मुलामा भरवशाने चढवण्याची रीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्याचे सहकारी यांनी 1920 नंतरच्या वर्षांत बसवली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी मोटारी क्रोमने झळकू लागल्या.

या क्रोमचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या गाड्यांवरील पुष्कळशी नासाडी त्याविषयीच्या अज्ञानातूनच होते. जो निळसर तेजाचा थर आपण क्रोम म्हणून पाहतो त्याची जाडी, एका मिलिमीटरचे दोन ते चार हजार भाग केले असता त्यांतील एका भागाएवढी असते. त्याच्या खाली निकलचा कितीतरी पटींनी जाड थर असतो, आणि गंजापासून पोलादाचे संरक्षण मुख्यत: तो करतो, वरचा क्रोम हा केवळ निकल मंद पडू नये म्हणून घातलेला पातळ पदर आहे. तो कठीण आहे, पण त्यात सूक्ष्म भेगा व छिद्रे असतात, आणि त्यांतून पाणी शिरले की तळच्या पोलादाचा गंज तांबूस ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. अशा ठिपक्यांवर खरखरीत कागद किंवा पितळ घासण्याची पूड घेऊन तुटून पडले की ठिपके तेवढ्यापुरते जातात, पण सभोवतीचा क्रोमही जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात जेथे दहा ठिपके होते तेथे पट्टाच्या पट्टा गंजतो. कल्हईचे आतले अंग राखणाऱ्या आजीला जे कळत होते ते येथे कामाला आले असते.

आता जीपकडे वळू. 1940 च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाके फिरवणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी कारखानदारांपुढे ठेवली, तेव्हा नमुना करून देण्यास अवघ्या 49 दिवसांची मुदत दिली होती. पेनसिल्व्हेनियातील बॅंटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या हातून आराखडा करवून 23 सप्टेंबर रोजी पहिला नमुना हजर केला. पुढे विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे 6 लाख 40 हजार गाड्या बांधल्या. या गाडीच्या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, ती मुळात चकाकू नये म्हणूनच रंगवली गेली. मोटारींचे सारे जग क्रोमने मढत असताना या गाडीवर चमक नसलेला मळकट हिरवा रंग देण्यात आला. दिव्यांच्या कडा, हुक, मूठ, बिजागऱ्या, सगळे त्या एकाच मंद रंगाखाली गेले. समोरची काच आडवी पाडल्यावर तिच्यावर सूर्य परावर्तित होऊन शत्रूच्या विमानाला ठिकाण कळू नये म्हणून तिलासुद्धा कापडी आच्छादन होते. सहस्रावधी वर्षे शस्त्राचे तेज हे सैन्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले होते. यंत्रयुद्धाच्या काळात ते प्राणघातक ठरले आणि क्षणार्धात टाकून देण्यात आले.

तरीही या मंदवर्ण गाडीत एक जागा अशी होती की जेथे धातू आरशासारखा असणे अपरिहार्य होते, आणि ती जागा पाहणाऱ्याच्या दृष्टीआड, पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना होती. साध्या गाडीची पुढची चाके केवळ वळतात. चारही चाके फिरवणाऱ्या गाडीत त्यांना वळावेही लागते आणि इंजिनाच्या जोराने फिरावेही लागते. त्यासाठी आसाच्या टोकाशी एक सर्व दिशांनी वाकणारा सांधा असतो, आणि तो ग्रीससह एका पोकळ पोलादी गोलात बंद केलेला असतो. चाक वळते तेव्हा या गोलाच्या गुळगुळीत पाठीवरून नमद्याची व रबराची कडी घसरत जाते; आतले ग्रीस बाहेर पडू नये आणि ओढ्याचे पाणी व चिखल आत शिरू नये, हे दुहेरी राखणीचे काम ती करते. गोलावर गंजाचा एखादा खळगा पडला की त्याची कड किसणीसारखी त्या रबरावर फिरते, रबर फाटते, पाणी आत जाते आणि काही महिन्यांत आतला सांधा नासून जातो. एखादा जुना मिस्त्री ही जागा साफ करताना पाहण्यासारखा असतो. तो आधी सुकाणूचक्र एका बाजूस पूर्ण वळवून गोलाची झाकलेली पाठ उघडी करतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने जुने काळे ग्रीस आणि त्यात रुतलेली वाळू एकाच दिशेने पुसून काढतो, मागेपुढे चोळीत नाही, कारण चोळले तर तीच वाळू गोलावर ओरखडे काढते. मग कोरड्या फडक्याने पुसून त्यावरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवतो. नख कोठे अडखळले नाही तर घासकाम मुळीच करावयाचे नाही, ग्रीसचा पातळ हात देऊन पुढे जावयाचे. अडखळले तर सर्वांत बारीक एमरी कागद तेलात भिजवून तेवढ्याच जागेवर, बोटाच्या टोकाने, नख पुन्हा अडखळेनासे होईपर्यंतच फिरवावयाचा, आणि तेथे थांबावयाचे. शिकलगाराच्या मनगटातील संयम याहून निराळा नव्हता.

युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात पडून राहिलेल्या लष्करी गाड्या लिलावाने विकल्या गेल्या आणि जीप प्रथमच खासगी माणसांच्या, कंत्राटदारांच्या आणि शिकाऱ्यांच्या हाती आली. 1945 साली लुधियान्यात स्थापन झालेल्या आणि 1948 साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांपासून जीप जोडण्यास 1949 च्या सुमारास आरंभ केला. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि जीप ही सरकारी अंमलाची चालती निशाणी बनली. मामलेदार, गटविकास अधिकारी, वनखात्याचे अंमलदार यांची जीप कचेरीपुढे उभी राहिली की गावाला हुकूम आल्याचे कळे. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 पासून निसानच्या पॅट्रोल या गाडीवर आधारलेली जोंगा तयार होऊ लागली, आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा पुढे डोंगरी भागांतून नागरी मालकांकडे गेल्या. शांततेच्या काळाबरोबर चकाकीही परतली. जी गाडी लपण्यासाठी जन्मली तिच्यावर हौशी मालकांनी क्रोमचे बंपर, क्रोमच्या टोप्या, क्रोमच्या जाळ्या बसवल्या, आणि चाकावर धातू उजळणाऱ्या बफिंगच्या दुकानांना नवे गिऱ्हाईक मिळाले.

तिकडे इंग्लंडात 1947 साली रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स याने जीपवरून स्फूर्ती घेऊन एका शेतीउपयोगी गाडीचा विचार केला, आणि 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. युद्धोत्तर इंग्लंडात पोलादावर नियंत्रण होते, ॲल्युमिनियम त्या मानाने सुलभ होते. म्हणून तिचा पत्रा बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा केला गेला, आणि बंपर व कडांच्या पट्ट्या जस्तलेपित पोलादाच्या केल्या गेल्या. गरजेपोटी झालेली ही निवड धातुसंगोपनाच्या दृष्टीने एक नवाच प्रश्न घेऊन आली. एकाच गाडीवर आता पोलाद, जस्त, ॲल्युमिनियम आणि क्रोम असे चार स्वभाव शेजारीशेजारी नांदू लागले, आणि एकाचे औषध दुसऱ्याला मारक ठरू लागले. पितळेला मानवणारे आम्ल जस्ताला खाऊन टाकते. कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार पोलादावरचे जुने ग्रीस सुरेख सोडवतो, पण ॲल्युमिनियम त्यात अक्षरश: विरघळते. जस्ताचा राखाडी मंद थर कुरूप वाटून कोणी तो घासून रुपेरी केला, तर पोलादासाठी स्वत: झिजणारा जो धातू सोरेल या फ्रेंच अभियंत्याने 1837 मध्ये पेटंट घेऊन या कामी लावला, तोच आपण नष्ट करतो. आणि ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांना टेकतात त्या फटीत खारे पाणी साचले तर ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा होऊ लागतो; कोकणपट्टीच्या खाऱ्या वाऱ्यात हे फार लवकर घडते, आणि तेथे गाडीचा खरा रक्षक पॉलिश हा नसून गोड्या पाण्याची मुबलक धार हाच आहे.

पॉलिश करताना धातूच्या पृष्ठभागाचे नेमके काय होते, याचा विचारही विद्वानांनी तीन शतके केला आहे. न्यूटनने 1704 च्या आपल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये असे प्रतिपादन केले की, पॉलिश म्हणजे मोठे ओरखडे जाऊन डोळ्यांना न दिसणारे लहान ओरखडे उरणे. विसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉर्ज बेलबी यांनी निराळे मत मांडले: घासताना धातूचा वरचा पदर जणू वाहतो आणि खळग्यांत पसरतो. 1937 साली बाउडन आणि ह्यूज यांनी प्रयोग करून दाखवले की पॉलिशच्या कामी कणांच्या कठीणपणापेक्षा त्यांच्या द्रवणांकाला अधिक महत्त्व आहे, आणि बेलबींच्या मताला बळ मिळाले. पण 1950 नंतर ऑस्ट्रेलियातील सॅम्युअल्स यांनी बारकाईने केलेल्या अभ्यासातून पारडे पुन्हा न्यूटनच्या बाजूस झुकले. धातूचे पॉलिश मुख्यत: सूक्ष्म कर्तनानेच होते, हे मान्य झाले. म्हणजे प्रत्येक उजाळ्यात धातू कापला जातो, हा शिकलगाराचा अनुभव शास्त्रानेही अखेर प्रमाण मानला.

या इतिहासात एक दु:खद प्रकरणही आहे आणि ते गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्रोमचा मुलामा चढवण्याच्या हौदांतून उडणारे क्रोमिक आम्लाचे तुषार कामगाराच्या नाकातील पडद्याला व्रण पाडतात, कधी त्याला भोक पडते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही या संयुगांचा संबंध सिद्ध झालेला आहे. बफिंगच्या चाकापुढे बसणाऱ्या माणसाच्या श्वासात दिवसभर धातूची व कापसाची धूळ जाते. आपल्या शहरांच्या औद्योगिक गल्ल्यांतून हे काम अनेकदा अपुऱ्या वायुवीजनात, तोंडाला एखादा रुमाल बांधून चालते. ज्या बंपरमध्ये आपण आपले तोंड पाहतो, त्यामागे कोणाचे तरी आरोग्य खर्ची पडलेले असते. तेव्हा नवा मुलामा करून घेण्यापूर्वी जुना जपून वापरणे, आणि करून घ्यावयाचाच झाला तर जेथे धूर ओढून घेणारी यंत्रणा व कामगारांना संरक्षक साधने आहेत अशाच ठिकाणी दोन पैसे अधिक मोजून करून घेणे, हे मालकाचे कर्तव्य होय.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आपल्याकडे शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते, आणि दसऱ्याला झेंडूची माळ तलवारीबरोबरच जीपच्या जाळीवरही चढते. ही केवळ भाविकता नव्हे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, चार महिन्यांचा ओलावा धातूच्या सांध्याफटींत मुरलेला असतो, आणि मोहिमेवर निघण्यापूर्वी प्रत्येक हत्यार बाहेर काढून, पुसून, पारखून घेण्याची हीच नेमकी वेळ असते. ज्या समाजाने या वार्षिक तपासणीला सणाचे रूप दिले त्याची व्यवहारदृष्टी मोठी होती. परंतु त्या सणातील तपासणीचा भाग गळून नुसती चकाकी उरली, तर सणाचा आत्मा हरपला असेच म्हणावे लागेल.

म्हणून ज्यांच्या दारी अशी जुनी किंवा नवी गाडी उभी आहे त्यांना विनंती इतकीच की, हाती पॉलिश घेण्यापूर्वी समोरचा धातू कोणता आणि त्याची चकाकी अंगची की दिलेली, हे आधी पाहावे. जस्ताला मंदच राहू द्यावे. ॲल्युमिनियमला आम्ल व क्षार दोन्हींपासून दूर ठेवावे. क्रोमला साबणाचे पाणी, मऊ कापड आणि मेणाचा हात यांहून अधिक काही लावू नये. आणि वाचलेला सारा वेळ गाडीखाली शिरून पुढच्या आसाचे ते दोन गोल पुसण्यात घालवावा, कारण गाडीचे आयुष्य तेथे ठरते. ज्या गाडीचा पत्रा मंद आणि आस उजळ, ती गाडी जाणत्याच्या हाती आहे असे खुशाल समजावे.